फायलींना पाय नसतात

सोमवार, ४ मे

आज सौ.ने मला स्वयंपाकघरातून हद्दपार केलं. माझा गुन्हा काय, तर मी डब्यांना क्रमांक दिले. साखर १/अ, मीठ १/ब, चहापत्ती २, आणि कपाटाच्या दारावर आतून यादी. छत्तीस वर्षं शिक्षण कार्यालयात काढली, शेवटची अकरा हेडक्लार्क म्हणून, आणि घरात साधा मिठाचा डबा शोधायला तीन झाकणं उघडावी लागतात. हे मला बघवत नाही.

"अहो, तुम्हाला लिहायचंच असेल तर यात लिहा," असं म्हणून तिने ही डायरी माझ्या हातात आपटली. डायरी मागच्या वर्षीची आहे, कोरी. वार चुकीचे छापले आहेत. ते मी सगळे लाल शाईने दुरुस्त करून घेतले, त्यात दुपार गेली.

संध्याकाळी मात्र काम स्वतःच्या पायांनी घरी आलं. नातीच्या शाळेचं पत्र. आमची नात दहा वर्षांची. जन्मापासून पायांत जोर नाही, वॉकर घेऊन चालते. तोंडात मात्र दोघांचा जोर आहे, म्हणून मी तिला बॅरिस्टर म्हणतो. पत्रात लिहिलं होतं की पाचवीचा वर्ग पहिल्या मजल्यावर भरतो, इमारतीत लिफ्ट नाही, तरी आपल्या पाल्याने तळमजल्यावरच्या ग्रंथालयात बसावे, अभ्यास खाली पाठवला जाईल.

सूनबाईंनी पत्र वाचलं आणि घडी घातली. चिरंजीव म्हणाले, "आता?" मी म्हणालो, "आता काय? प्रकरण माझ्याकडे द्या." किती दिवसांनी हे वाक्य तोंडात आलं! सौ. लगेच म्हणाली, "द्या द्या, त्यांच्याकडेच द्या." माझ्यावर तिचा किती विश्वास आहे हे अशा वेळी कळतं.

बुधवार, ६ मे

शाळेत जाऊन मोठ्या बाईंना भेटलो. बॅरिस्टरला बरोबर नेलं होतं. बाई फार सज्जन. स्वतः उठून तिला खुर्ची दिली, चहा-बिस्किटं मागवली.

"ग्रंथालय शांत आहे, पंखा आहे. तिला काही त्रास होणार नाही," बाई म्हणाल्या.

"पण तिथे माझ्याशी भांडायला कोण आहे?" बॅरिस्टर म्हणाली. हिची एक मैत्रीण आहे, दोन वेण्यांची. पहिलीपासून दोघी शेजारी बसतात आणि पहिलीपासून भांडतात.

मी मुद्द्यावर आलो. पाचवीचा वर्ग ग्रंथालयाच्या खोलीत आणा आणि ग्रंथालय वर न्या, एवढंच आमचं म्हणणं. बाई म्हणाल्या, "अहो, पण एवढी पुस्तकं वर चढवणार कोण? जड असतात हो."

हा मुद्दा मला पटला. तसं मी बोलूनही दाखवलं. बॅरिस्टरने माझ्याकडे अशी नजर टाकली की मी पुढचं बिस्कीट परत बशीत ठेवलं.

निघताना बाई म्हणाल्या की शिक्षण कार्यालयात विशेष शिक्षण समिती आहे, तिचा आदेश आणा, दुसऱ्या दिवशी वर्ग खाली आणते. म्हणजे चेंडू आपल्याच अंगणात! ते कार्यालय म्हणजे माझं माहेर.

घरी येताना बॅरिस्टर म्हणाली, "आजोबा, खाली पाठवलेला अभ्यास मी करीन हो. पण वर सगळे हसले की मला कसं कळणार कशाला हसले?" मी म्हणालो, आदेश आणतो.

शुक्रवार, ८ मे

सूनबाईंकडून जुने कागद मागून घेतले. कळलं ते धक्कादायक आहे. पाचवी वर भरते हे ठाऊक असल्याने त्यांनी फेब्रुवारीतच समितीकडे अर्ज केला होता, आणि तो निकाली निघाला होता! शेरा स्पष्ट आहे: "बालक सुनावणीस गैरहजर."

मी त्यांना समजावलं, शक्य तितक्या सौम्यपणे. म्हटलं, अहो, सुनावणीला हजर राहणं ही पहिली पायरी. तीन वेळा पुकारा होतो, तिसऱ्या पुकाऱ्याला हजर नसलात की संपलं. हा नियम मीच लिहिलेला आहे, नाहीतर लोक वाटेल तेव्हा उगवतात.

"गेलो होतो आम्ही, बाबा. पुकाराही ऐकला," सूनबाई म्हणाल्या.

"मग गैरहजर कशा?"

त्यांनी पिळलेल्या कपड्यांची बादली उचलली. मग म्हणाल्या, "तुम्ही एकदा जाऊन याच," आणि कपडे वाळत घालायला गेल्या.

माझा अंदाज असा की बस चुकली असणार आणि आता कबूल करायची लाज वाटते. मी विषय वाढवला नाही. तरुण माणसांना वेळेचं भान कमीच.

सोमवार, ११ मे

कार्यालयात गेलो. दोन वर्षांनी. इस्त्रीचा शर्ट घातला होता.

आधी तळमजल्यावर माझ्या रेकॉर्ड रूममध्ये डोकावलो. दप्तरी अजून तोच आहे. मला बघून खुर्चीवरून असा उठला की चहा सांडला. "साहेब, तुम्ही लावून दिलेली एक फाईल इकडची तिकडे नाही," म्हणाला. बघून डोळे निवले. पूर्वी ही रेकॉर्ड रूम दुसऱ्या मजल्यावर होती. गठ्ठे वर चढवताना माणसं घामाघूम व्हायची. मी टिपणी लिहिली, सगळं रेकॉर्ड तळमजल्यावर आणलं, आणि खाली होती ती समिती वर पाठवली. समितीचं काय, चार खुर्च्या आणि एक कपाट. शिवाय वर हवा छान लागते. त्या कामाबद्दल मला प्रशस्तिपत्र मिळालं होतं. ते अजून तिथेच भिंतीवर आहे, पण काचेवर धूळ फार. दप्तरीला बोललो.

त्याने चौदा नंबरच्या नियमाची आठवण काढली. तोही माझाच. मूळ रेकॉर्ड कोणत्याही कारणाने खोलीबाहेर जाणार नाही. ज्याला बघायचं असेल त्याने, कितीही मोठा अधिकारी असो, स्वतः खाली यायचं. एकदा खुद्द मोठे साहेब आले होते, तणतणत. पण आले.

मग समितीकडे गेलो. चौतीस पायऱ्या! पहिल्या मजल्यावर थांबून पाण्याच्या पिंपाशी टेकलो, दुसऱ्यावर पोचेपर्यंत गुडघे बोलायला लागले. पूर्वी इतका उंच नव्हता तो जिना. रंगरंगोटीच्या वेळी काहीतरी केलं असणार.

खिडकीतल्या नव्या क्लार्कने अर्ज बघितला आणि "अपूर्ण" म्हणून परत दिला. परिशिष्ट दोन जोडलेलं नव्हतं. मी म्हणालो, परिशिष्ट दोन मीच सुरू केलं आहे, मला शिकवू नका. तो म्हणाला, "मग तर तुम्हाला माहीत असायला हवं होतं, काका." काका! छत्तीस वर्षं नोकरी केली मी तिथे.

गुरुवार, १४ मे

पुन्हा अपूर्ण. फोटोवर सही हवी होती, आणि ती फोटोच्या बाहेर गेली.

मंगळवार, १९ मे

अर्ज दाखल झाला, एकदाचा. तिसऱ्या खेपेला त्या पोराने एकही चूक काढली नाही. बारकाईने बघतो पण. चांगला तयार होईल.

तीन वेळा चौतीस पायऱ्या वर आणि तीन वेळा खाली. सौ. गुडघ्यांना तेल लावताना म्हणाली, "एवढा त्रास होतो तर कार्यालय खाली का नाही ठेवत?" मी तिला म्हणालो, तुला प्रशासनातलं काही कळत नाही.

शुक्रवार, २९ मे

सुनावणीची नोटीस आली. शुक्रवार ५ जून, सकाळी अकरा. बालकाने दालनात समक्ष हजर राहावे. शाळा १५ जूनला उघडते, म्हणजे ही एकच संधी. हुकली की वर्षभर ग्रंथालय.

बॅरिस्टरची तालीम घेतली. सौ. अध्यक्ष झाली, उशी घेऊन बसली. "तुम्हाला काय हवं आहे?" असं तिने विचारल्यावर बॅरिस्टर म्हणाली, "मला कोणी उचललेलं नको आहे."

"अगं, हा प्रश्नच नाही त्यात," मी म्हणालो. "तुला वर्ग खाली हवा आहे."

"तेच म्हणतेय ना मी."

मला हिचं बोलणं कधी कधी कळत नाही. सूनबाई दारात उभ्या राहून हसत होत्या. मग अचानक आत निघून गेल्या.

शुक्रवार, ५ जून

आजचं सगळं क्रमाने लिहितो.

दहाला पोचलो, एक तास आधी. मी, सूनबाई आणि बॅरिस्टर. मी मनात म्हटलं, या वेळी बघू कोण गैरहजर म्हणतं ते. फाईल बगलेत धरून तडक जिन्याकडे निघालो, चार पायऱ्या चढलो, आणि मागे वॉकरचा आवाज येईना म्हणून वळून बघितलं.

बॅरिस्टर पहिल्या पायरीपाशी उभी होती. वॉकरची पुढची दोन पावलं पायरीला टेकलेली. ती वर बघत होती, जिना जिथे वळतो तिथपर्यंत. सूनबाई तिच्या शेजारी उभ्या, चेहऱ्यावर काही नाही. ही जागा दोघींच्या ओळखीची होती.

मला तेव्हा कळलं. अर्ज तीनदा वर नेला मी. पायऱ्या मोजल्या, गुडघ्यांना तेल लावून घेतलं, आणि हे माझ्या डोक्यात आलं नाही. मला माझीच चीड आली.

"फेब्रुवारीत इथेच थांबलो होतो," सूनबाई हळूच म्हणाल्या. "वर निरोप पाठवला. सुनावणी दालनातच होते म्हणाले. नियम आहे."

नियम माझाच. तेही आठवलं.

आवाज ऐकून दप्तरी बाहेर आला. परिस्थिती बघून लगेच बाह्या सरसावल्या. "त्यात काय साहेब, मी उचलतो ताईला. दोन मिनिटांचं काम."

"नको," बॅरिस्टर म्हणाली. "बाबांनाही नको म्हटलं होतं मी. वर गेल्यावर समितीवाले मला विचारणार, तू वर्गात आपलं आपलं सगळं करतेस का. आणि मी कोणाच्या तरी कडेवर बसून हो म्हणू?"

दप्तरीने बाह्या खाली केल्या.

"आजोबा," ती म्हणाली, "हे ऑफिस वर कोणी ठेवलं?"

मी म्हणालो, "पूर्वीपासूनच आहे गं." खोटं बोललो. दहा वर्षांच्या पोरीशी, जिन्यात उभा राहून. सूनबाई भिंतीकडे बघत होत्या.

अकरा वाजले. वरून शिपायाचा पुकारा आला, तिचं पूर्ण नाव घेऊन. मी खालून ओरडलो, "हजर आहे!" तो वरून ओरडला, "दालनात हजर पाहिजे!" मी पायऱ्या चढून गेलो, खाली आलो, पुन्हा चढायला लागलो, आपण कशासाठी चढतोय हेच कळेना. दुसरा पुकारा झाला. दोन पुकाऱ्यांमध्ये दहा मिनिटं असतात. तीही मीच ठेवली आहेत, पाचाची दहा केली होती, त्याबद्दल तेवढे स्वतःचे आभार मानले.

एवढ्यात एक बाई वरून धावत आल्या आणि दप्तरीला म्हणाल्या, साहेबांना एक जुनी फाईल वर हवी आहे. दप्तरी सवयीने म्हणाला, "नियम चौदा. साहेबांना खाली पाठवा."

मी त्याच्याकडे बघितलं. त्याने माझ्याकडे बघितलं. छत्तीस वर्षांत आमचं कधी इतकं पटलं नव्हतं.

आत जाऊन त्याने आवक नोंदवही उघडली. मी सांगत गेलो, तो लिहीत गेला. प्रकार: मूळ. प्रती: एकच. "स्थिती काय लिहू?" त्याने विचारलं. बॅरिस्टर वॉकर टेकत आत आली होती. म्हणाली, "उत्तम लिहा. आणि लिहा, भिजू देऊ नये." त्याने तेही लिहिलं. शिक्का मारला, नोंद क्रमांक घातला, आणि चिठ्ठी तयार झाली: "सदर प्रकरणातील मूळ रेकॉर्ड तळमजल्यावर जमा आहे. नियम चौदा अन्वये बाहेर नेता येत नाही. समितीने समक्ष येऊन पाहणी करावी."

चिठ्ठी घेऊन मी स्वतः वर गेलो. चौतीस पायऱ्या किती वेळात चढलो माहीत नाही. शिपाई तिसऱ्या पुकाऱ्यासाठी तोंड उघडत होता. मी त्याच्या हातात चिठ्ठी कोंबली आणि तिथेच बाकावर बसलो.

पाच मिनिटांनी समिती खाली उतरली. अध्यक्षबाई पुढे, मागे डॉक्टर, त्यांच्या मागे एक तिसरे सदस्य, ते जिन्यापासूनच धुळीने शिंकत होते. अध्यक्षबाईंच्या हातात माझी चिठ्ठी होती. "हा काय पोरखेळ आहे?" त्या दारातूनच म्हणाल्या. "कुठे आहे ते रेकॉर्ड?"

"मी," बॅरिस्टर म्हणाली. "नमस्ते."

अध्यक्षबाईंनी तिला बघितलं, वॉकर बघितला. मग मागे वळून जिना बघितला. बराच वेळ बघितला. मग एका गठ्ठ्यावरची धूळ झटकून त्यावर बसल्या. "बोल," म्हणाल्या.

बॅरिस्टर बोलली. तालमीतलं एक वाक्य बोलली नाही. म्हणाली, मला पाटी, पुस्तक, डबा, सगळं माझं मला येतं. फक्त जिना येत नाही. वर्गात मी तिसऱ्या बाकावर बसते, कारण तिथून फळा आणि खिडकी दोन्ही दिसतात. एकटीला शिकवलं तर मला सगळी उत्तरं एकटीलाच द्यावी लागतील, हा अन्याय आहे. डॉक्टर हसले. शिंकणारे सदस्यही हसले आणि पुन्हा शिंकले.

"आणि फेब्रुवारीत का नाही आलीस?" अध्यक्षबाईंनी कागद चाळत विचारलं.

"आले होते. जिन्यापर्यंत."

अध्यक्षबाईंनी कागद खाली ठेवला. "कागद तळमजल्यावर आणि आम्ही वर, ही कोणाची कल्पना?" त्यांनी दप्तरीला विचारलं. दप्तरी छताकडे बघायला लागला.

बॅरिस्टर मात्र भिंतीकडे बघत होती. मी सांगितल्यापासून दप्तरीने काच अगदी लख्ख पुसून ठेवली होती. तिने मोठ्याने वाचलं, शाळेत धडा वाचतात तसं: "फायलींना पाय नसतात, हा साधा पण माणुसकीचा विचार करून ज्यांनी…" आणि थांबली. माझ्याकडे वळली. पुढे माझं नाव आहे. ते तिने वाचलं नाही. एवढ्या सगळ्या लोकांसमोर ते तिने वाचलं नाही.

"मी," मी उभा राहून म्हणालो. "कल्पना माझी. दालनाचा नियम माझा, तीन पुकाऱ्यांचाही माझा. आणि मगाशी हिने विचारलं तेव्हा मी खोटं बोललो. फायलींचा विचार केला. जिना चढून येणाऱ्या मुलांचा केला नाही. एकदाही नाही."

रडू आलं. आलं म्हणजे आलं, लपवणार कुठे? दप्तरीने मला गठ्ठे पुसायचं फडकं दिलं, त्याने मी आणखी काळा झालो.

आदेश तिथेच झाला, माझ्या जुन्या टेबलावर. वर्ग खाली आणावा, शाळा उघडायच्या आत. खाली अध्यक्षबाईंनी आणखी एक ओळ लिहिली: यापुढे समितीच्या सुनावण्या तळमजल्यावर, जागेची अदलाबदल याच महिन्यात.

बाहेर आल्यावर मी सूनबाईंना विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?"

"जेवताना तीनदा सांगितलीत तुम्ही ती प्रशस्तिपत्राची गोष्ट," त्या म्हणाल्या.

"मग मला सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर तुम्ही नियम सांगितला असता, बाबा."

खरं आहे.

सोमवार, १५ जून

शाळा उघडली. पाचवी तळमजल्यावर. पुस्तकं वर गेली, मोठ्या बाईंनी पाचवी-सहावीची पोरं रांगेत उभी करून हातोहात पोचवली, अर्ध्या तासात.

दुपारी बॅरिस्टर घरी आली ती लाल होऊन. दोन वेण्यांवालीशी खिडकीकडच्या जागेवरून भांडण झालं आणि दोघींना तासभर वर्गाबाहेर उभं केलं. वहीत बाईंचा शेरा आहे: "वर्गात फार बोलते. पालकांनी लक्ष द्यावे."

चिरंजीव रागवायला निघाले होते. सूनबाईंनी त्यांना हाताने थांबवलं, शेरा दोनदा वाचला आणि वही छातीशी धरली. सौ.ने सगळ्यांना गोड काहीतरी केलं. मी शेऱ्याची नक्कल काढून फाईलला लावली.

शनिवार, २७ जून

आज अदलाबदल. मला कोणी बोलावलं नव्हतं. मी गेलो.

दप्तरी म्हणाला, साहेब, तुम्ही खुर्चीवर बसून फक्त क्रमांक सांगा. मी म्हणालो, क्रमांक सांगायला माणूस आणला आहे. बॅरिस्टर जिन्याच्या तळाशी बसली, मांडीवर नोंदवही, कानावर पेन. प्रत्येक गठ्ठ्याला ती क्रमांक पुकारायची, आणि कोणी पहिल्या पुकाऱ्याला "हजर" म्हणालं नाही की दुसरा पुकारा. दोन शिपाई, तो खिडकीतला क्लार्क, दप्तरी आणि मी, सगळे "हजर, हजर" करत चढत होतो. क्लार्क मला अजूनही काका म्हणतो. म्हणू दे.

प्रशस्तिपत्र भिंतीवरून काढलं. घरी नेऊ का म्हणून बॅरिस्टरला विचारलं. ती म्हणाली, "नको, वर लावा. फायलींना वाचायला." दप्तरीने नव्या खोलीत खिळा ठोकला.

सहाव्या खेपेला मी चौदाव्या पायरीवर बसलो. गठ्ठा मांडीवर, श्वास लागलेला, गुडघ्यांतून कळा येत होत्या. वर अजून वीस पायऱ्या होत्या. क्लार्क माझ्या बाजूने वर गेला, खाली आला, पुन्हा वर गेला.

खालून आवाज आला. "आजोबा, दमलात का? कोणाला सांगू का तुम्हाला उचलायला?"

ती थट्टा करत नव्हती. चेहरा गंभीर होता, पेन हातात घेतलं होतं, जणू उत्तर नोंदवायचं आहे.

"नको गं," मी म्हणालो. "माझा मी येतो."

तिने मान डोलावली, वहीत काहीतरी लिहिलं, आणि मी उठेपर्यंत पुढचा क्रमांक पुकारला नाही.